नवऱ्याच्या व्हिसावरचा संसार

“पोलिसांना फोन करून तर बघ. पहिल्या विमानाने परत जाशील, आणि मुलं इथंच राहतील.” अमेरिकेत घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या परदेशी स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना ही धमकी पाठ झालेली आहे. ती स्पॅनिशमध्ये दिली जाते, तगालोगमध्ये दिली जाते, हिंदी-तेलुगूत दिली जाते आणि मराठीतही. मार खाणारी बाई गप्प बसते ती बहुतेक वेळा या धमकीमुळे. पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात, बँकेचं खातं नवऱ्याच्या नावावर, आणि या देशात राहण्याचा हक्कसुद्धा नवऱ्याच्या कागदाला टाचलेला.

ही धमकी खरी आहे का? ज्यांच्या घरातली मुलगी अमेरिकेत नांदते आहे, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर समजून घेतलं पाहिजे. नवरा अमेरिकन नागरिक असेल किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तर धमकी बव्हंशी पोकळ आहे. नवरा एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणारा असेल, तर तिच्यात अजूनही बराच दम आहे. आणि मराठी घरांतून गेलेल्या बहुतेक मुलींच्या संसाराची सुरुवात या दुसऱ्या प्रकारातच होते.

बायकोचा कागद नवऱ्याच्या हाती जातो कसा, हे आधी पाहू. अमेरिकेच्या पद्धतीत जोडीदारासाठी ग्रीन कार्डचा अर्ज नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक करतो. अर्ज भरायचा की नाही, कधी भरायचा, आणि भरलेला मागे घ्यायचा का, हे सगळं तोच ठरवतो. १९८६ साली तिथल्या संसदेने, म्हणजे अमेरिकन काँग्रेसने, बनावट लग्नं रोखण्यासाठी कायदा केला. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील तर ते दोन वर्षांसाठी, सशर्त मिळणार. आणि मुदत संपण्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज केला, तरच अट निघणार. तीसेक टक्के लग्नं बनावट असल्याचा दावा तेव्हा काँग्रेसपुढे झाला होता. त्यामागची पाहणीच कच्ची होती, हे पुढे उघड झालं. तोवर कायदा झालेला होता, आणि ज्या घरात मारहाण होती तिथे नवऱ्याच्या सहीला बायकोच्या जिवाइतकी किंमत आली होती.

स्त्री संघटनांनी आणि वकिलांनी आवाज उठवल्यावर १९९० साली पहिली सूट मिळाली. छळ झाल्याचं दाखवता आलं, तर सशर्त ग्रीन कार्डवरची अट काढण्यासाठी बायको एकटीने अर्ज करू शकते. आजही हे कलम तितकंच उपयोगाचं आहे. पण ज्या नवऱ्याने मुळात अर्जच भरला नव्हता, त्याच्या बायकोचं काय? त्याचं उत्तर यायला आणखी चार वर्षं लागली.

१३ सप्टेंबर १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ज्या मोठ्या गुन्हेगारीविरोधी कायद्यावर सही केली, त्यातच स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायदा होता. सिनेटर जो बायडन त्यासाठी काही वर्षं खटपट करत होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे ‘वावा’ म्हणतात. त्याने एक साधी पण मूलगामी गोष्ट केली: अर्जाची किल्ली नवऱ्याकडून काढून बायकोच्या हाती दिली. नागरिकाची किंवा ग्रीन कार्डधारकाची छळ सोसणारी बायको आता स्वतःसाठी स्वतःच अर्ज करू शकते. त्याला ‘सेल्फ-पिटिशन’ म्हणतात. फॉर्मचा क्रमांक आय-३६०. नवऱ्याची सही लागत नाही, संमती लागत नाही, आणि त्याला कळवलंही जात नाही.

ही गुप्तता अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही. १९९६ च्या कायद्याप्रमाणे इमिग्रेशन खात्याला अशा अर्जाची माहिती बाहेर देता येत नाही. छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीच्या एकट्या आधारावर तिच्याविरुद्ध निर्णयही घेता येत नाही. नवऱ्याने चिडून ‘हिने लग्न खोटं केलं’ असं खात्याला कळवलं, तर निव्वळ त्या पत्रावर कारवाई करायला कायद्याने बंदी आहे. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. खात्याची पत्रं कोणत्या पत्त्यावर यावीत, हेही अर्ज करणारी ठरवते. मैत्रिणीचा किंवा वकिलाचा पत्ता दिला तरी चालतं.

सिद्ध काय करायचं? लग्न खऱ्या हेतूने झालं होतं, दोघं एकत्र राहत होती, आपलं चारित्र्य चांगलं आहे, आणि छळ झाला. पुराव्याबाबत कायदा उदार आहे: विश्वास ठेवण्याजोगा कोणताही पुरावा विचारात घ्यावा, असं तो सांगतो. पोलिसांचा अहवाल असेल तर उत्तमच. पण मार खाऊनही कधी पोलिसांकडे न गेलेल्या बाईचा अर्ज त्या कारणाने बाद होत नाही. डॉक्टरांच्या नोंदी, समुपदेशकाचं पत्र, आश्रयगृहाचं पत्र, शेजारणीचं प्रतिज्ञापत्र, नवऱ्याने पाठवलेले मेसेज हे सगळं धरलं जातं. आणि सर्वांत महत्त्वाचं, तिने स्वतः तारखा-प्रसंगांसह लिहिलेलं निवेदन. अनुभवी वकील या निवेदनावर सर्वांत जास्त वेळ घालवतात, कारण बाकीचे कागद त्याच्या आधाराने उभे राहतात.

छळ म्हणजे फक्त हात उगारणं, असा समज आपल्याकडेही आहे आणि तिकडेही होता. कायद्यात ‘मारहाण किंवा आत्यंतिक क्रौर्य’ असे शब्द आहेत, आणि त्यातल्या दुसऱ्या भागाचा अर्थ एका खटल्याने बराच मोकळा केला. मेक्सिकोत नवऱ्याचा जीवघेणा मार सोसलेली एक स्त्री पळून लॉस एंजेलिसला बहिणीकडे आली. नवऱ्याकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड होतं. त्याने तिचा माग काढला, गयावया केली, समुपदेशकाकडे जाऊ म्हणून वचन दिलं, आणि तिला परत मेक्सिकोला नेलं. तिथे पुन्हा तेच. पुढे ती कायमची अमेरिकेत पळून आली आणि हद्दपारीच्या सुनावणीत तिने वावाचा आधार मागितला. सरकारचं म्हणणं होतं की अमेरिकेत तर त्याने तिला बोटही लावलं नव्हतं, आणि छळ अमेरिकेत झालेला असावा अशी त्या वेळच्या कलमाची अट होती. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २००३ साली सरकारचं म्हणणं फेटाळलं. मारायचं, मग रडून माफी मागायची, गोड बोलून परत न्यायचं, हे सगळं एकच चक्र आहे. लॉस एंजेलिसमधली ती मनधरणी हासुद्धा त्या क्रौर्याचाच भाग होता, असं न्यायालयाने मानलं. ‘त्यानं माफी मागितली आहे, जा परत’ असं लेकीला फोनवर समजावणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हा निकाल ऐकायला हवा.

म्हणून पासपोर्ट काढून घेणं, पैसे न देणं, माहेरी फोन करू न देणं, हद्दपारीची धमकी देत राहणं हे प्रकारही अर्जात मांडता येतात आणि मांडावेत.

वेळेची एक मर्यादा मात्र जिव्हारी लागणारी आहे. घटस्फोट झाला तरी अर्ज करता येतो, पण दोन वर्षांच्या आत, आणि घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवून. ही सवलतसुद्धा २००० सालच्या दुरुस्तीने आली. त्याआधी चलाख नवरा घाईघाईने घटस्फोट घेऊन बायकोची वाट बंद करू शकत असे. अर्ज मंजूर होण्याआधी तिने दुसरं लग्न केलं तर अर्ज बाद होतो.

या कायद्याच्या नावात स्त्रिया असल्या तरी छळ सोसणारे पुरुषही अर्ज करू शकतात, मुलंही करू शकतात. आणि एक तरतूद मराठी वाचकांना जवळची वाटेल. २००५ सालच्या, म्हणजे प्रत्यक्षात जानेवारी २००६ मध्ये सही झालेल्या, सुधारित कायद्याने आईवडिलांनाही हा हक्क दिला. अमेरिकन नागरिक असलेला एकवीस वर्षांवरील मुलगा किंवा मुलगी आपल्यासोबत राहणाऱ्या आईवडिलांचा छळ करत असेल, तर ते स्वतः ग्रीन कार्डसाठी अर्ज करू शकतात. नातवंडं सांभाळायला गेलेली आणि मुलाच्या घरात बोलण्याचीही चोरी झालेली म्हातारी माणसं आपल्या ओळखीपाळखीत असतात. त्यांच्यासाठी असं काही कलम आहे, हे फारच थोड्यांना माहीत आहे.

आता एच-फोर.

एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या बायकोला एच-फोर मिळतो. एच-वन-बीच्या मंजूर अर्जांपैकी दर दहांतले सुमारे सात भारतीयांचे असतात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त सहसा जात नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणजे पुण्याहून, नाशिकहून किंवा मडगावहून लग्न करून गेलेली अभियंता मुलगी दशकभरसुद्धा एच-फोरवर राहू शकते. नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचला असेल, तर २०१५ पासून तिला कामाची परवानगी मिळू शकते. त्या टप्प्याआधी ती कमवू शकत नाही. नवऱ्याची नोकरी गेली तर तिचाही व्हिसा धोक्यात. घटस्फोटाचा हुकूम झाला की त्याच दिवशी तिचा एच-फोर संपतो. व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद नवऱ्याने दाबून ठेवले, तर ती नकळत बेकायदा रहिवासी होऊ शकते.

आणि या बाईला वावाचा स्वयंअर्ज नाही. कारण नवरा ना नागरिक, ना ग्रीन कार्डधारक. त्याने तिला किती मारलं, हा प्रश्न तिथे येतच नाही. मार तोच आणि भीतीही तीच, पण नवऱ्याच्या खिशातल्या कार्डाच्या रंगावरून संरक्षण ठरतं, ही या कायद्यातली सर्वांत मोठी विषमता आहे. तिचा भार सर्वांत जास्त उचलतात त्या भारतीय बायका.

काँग्रेसला हे अजिबात दिसलं नाही असं नाही. जानेवारी २००६ च्या त्याच कायद्यात एक कलम घातलं गेलं: एच-वन-बीसह काही ठरावीक व्हिसांवरच्या लोकांच्या छळग्रस्त जोडीदारांना कामाची परवानगी द्यावी. कलम झालं, पण त्याची अंमलबजावणी सुरू व्हायला २०१७ उजाडलं. अकरा वर्षं हा हक्क कायद्याच्या पुस्तकात होता आणि तो मागायला फॉर्मच नव्हता. आता आय-७६५-व्ही हा फॉर्म आहे. पण त्यातून मिळते ती फक्त काम करण्याची परवानगी. राहण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, ग्रीन कार्डचा रस्ता तर नाहीच. चार पैसे हाती येतात, वकील करता येतो, भाड्याची खोली घेता येते. हे मोलाचं आहे, पण पुरेसं नाही.

तिच्यासाठी दुसरी वाट यू व्हिसाची. २००० सालच्या कायद्याने आलेला हा व्हिसा ठरावीक गंभीर गुन्ह्यांना बळी पडलेल्या आणि तपासाला मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तींसाठी आहे. घरगुती हिंसाचार, लैंगिक अत्याचार, पाठलाग हे गुन्हे त्या यादीत आहेत. इथे नवऱ्याचा दर्जा पाहिला जात नाही. तो एच-वन-बीवर असो, विद्यार्थी असो, नाहीतर बिनकागदाचा. मात्र पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश अशा कुणाकडून तरी ‘हिने तपासात मदत केली’ असं प्रमाणपत्र लागतं. नवऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे असं नाही. एका गावचे पोलीस प्रमाणपत्र सहज देतात, शेजारच्या गावचे महिनोन्‌महिने फाइल उघडत नाहीत. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी म्हणून कायदा करून त्यांना बांधून घेतलं आहे.

यू व्हिसाची खरी अडचण आकड्यांची आहे. वर्षाला दहा हजारच व्हिसा द्यायचे, अशी मर्यादा आहे आणि रांगेत अर्ज लाखांनी. वाट पाहण्यात वर्षांमागून वर्षं जातात. २०२१ पासून प्राथमिक छाननीत अर्ज खरा वाटला, तर रांगेत असतानाच कामाची परवानगी आणि हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. व्हिसा मिळाल्यावर तीन वर्षं देशात राहिलं की ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो.

पण पोलिसांना फोन करण्यातच तिची कोंडी आहे. १९९६ पासून घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला हद्दपार करता येतं. न्यायालयाने दिलेला संरक्षण आदेश मोडल्यावरही. नवरा हद्दपार झाला की त्याच्यावर अवलंबून असलेला तिचा एच-फोरही गेला. तिने तक्रार करावी म्हणून यू व्हिसाचं आमिष आहे, आणि तक्रार करू नये म्हणून हा धाक. म्हणून शक्य असेल तिथे तिने घटस्फोटाचा किंवा इतर कोणताही अर्ज करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठावा, असं या क्षेत्रातले लोक आग्रहाने सांगतात. कोणता कागद आधी जातो, यावर पुष्कळ काही ठरतं. २०२५ पासून धोरण कडक झालं आहे. अर्ज फेटाळला गेला आणि दुसरा वैध दर्जा नसला तर हद्दपारीची नोटीस येण्याचा धोका वाढला आहे. तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून स्वतःच फॉर्म भरून पाठवणं धोक्याचं. जिवावर बेतलेलं असेल तर मात्र वकिलाची वाट पाहायची नाही, ९११ लावायचा.

काही हक्कांना व्हिसाच लागत नाही, हे मात्र प्रत्येकीला माहीत असायला हवं. कोणत्याही राज्यातलं न्यायालय संरक्षण आदेश देताना अर्ज करणारीच्या व्हिसाची अट घालत नाही. नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगणं, मुलांचा तात्पुरता ताबा, पोटगी हे त्या आदेशात येऊ शकतं. आश्रयगृहात जागा मिळण्यासाठीही कागद दाखवावे लागत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२० साली केलेल्या कायद्यात जोडीदारावर सतत ताबा गाजवणं हासुद्धा छळ मानला आहे, आणि त्यात इमिग्रेशनवरून दिलेल्या धमक्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

यापेक्षा अवघड परिस्थिती होते ती बाई अमेरिकेबाहेर असली की. ‘लग्नाला जाऊन येऊ’ म्हणून नवरा तिला घेऊन मुंबईला येतो, माहेरी सोडतो, पासपोर्ट घेऊन एकटाच परत जातो, आणि काही दिवसांनी तिकडच्या न्यायालयातून घटस्फोटाची नोटीस येते. हा प्रकार इतका सर्रास झाला की राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ साली अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू करावा लागला. भारतीय कायदा इथे तिच्या बाजूने काही प्रमाणात उभा राहतो. हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर, किंवा बायको त्या न्यायालयापुढे स्वतःहून गेली नसताना, परदेशातून आणलेला घटस्फोट भारतात बंधनकारक ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितलं. सासरचा छळ सोसून माहेरी आलेली स्त्री माहेरच्या गावीच फौजदारी तक्रार देऊ शकते, हे त्याच न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं. अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी तीस दिवसांत सक्तीची करणारं विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८७ व्या अहवालात या विषयावर सर्वंकष कायदा करण्याची शिफारस केली.

उलटी चूकही घडते. घाबरलेली आई मुलांना घेऊन, कुणाला न सांगता भारतात निघून येते. तिच्या दृष्टीने ती जीव वाचवत असते. अमेरिकन न्यायालयाच्या दृष्टीने ते अपहरण ठरू शकतं, कारण १९९३ पासून तिथे तो केंद्रीय गुन्हा आहे. मुलांच्या परतीविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे दोन देशांतली न्यायालयं दोन दिशांना ओढत राहतात. हिंसाचारातून सुटका म्हणून पळणं हा त्या अमेरिकन कायद्यात बचाव आहे, पण तो मांडायला आधीचे कागद लागतात. म्हणून आधी संरक्षण आदेश आणि ताबा, मग प्रवास.

या सगळ्या वाटा दाखवायला माणसं आहेत. न्यू जर्सीत १९८५ साली काही दक्षिण आशियाई स्त्रियांनी ‘मानवी’ ही संस्था सुरू केली. अमेरिकेतली तिच्या प्रकारची ती पहिली. १९८९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘सखी’ आली. शिकागोत ‘अपना घर’, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात ‘मैत्री’ आणि ‘नारिका’, ह्यूस्टनमध्ये ‘दया’, अटलांटात ‘रक्षा’. डाळभात आणि देवघर म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या बाईशी बोलता येणं, ‘सासूबाईंनी दागिने ठेवून घेतले’ या वाक्यातला छळ समजावून सांगावा न लागणं, याचं मोल कायद्याच्या कलमांइतकंच आहे. बोस्टन परिसरातल्या १६० दक्षिण आशियाई स्त्रियांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चाळीस टक्क्यांहून जास्त जणींनी सध्याच्या जोडीदाराकडून छळ झाल्याचं सांगितलं होतं. पाहणी लहान होती, पण सुशिक्षित, चांगल्या पगाराच्या घरांत असं होत नाही, हा समज तिने मोडला. गणपतीला आणि दिवाळीला शेकडो कुटुंबं एकत्र आणणाऱ्या तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी या संस्थांचे क्रमांक आपल्या कार्यक्रमपत्रिकेत छापले, तर त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १-८००-७९९-७२३३ आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि दुभाष्याची सोय असते.

इकडच्या आईवडिलांनाही लग्न ठरल्यापासूनच करण्यासारखं काम आहे. मुलाचा व्हिसा कोणता, मुलीला कोणता मिळणार, काम करता येणार का, हे पत्रिका आणि पगार विचारतानाच विचारावं. तिच्या पासपोर्टच्या, व्हिसाच्या, अमेरिकेत शिरतानाच्या आय-९४ नोंदीच्या, विवाह प्रमाणपत्राच्या, नवऱ्याच्या एच-वन-बी मंजुरीच्या प्रती, आणि मुलं झाल्यावर त्यांच्या जन्मदाखल्यांच्या प्रती, माहेरच्या एखाद्या ईमेल खात्यात ठेवाव्यात. ज्याचा पासवर्ड फक्त तिला आणि माहेरच्या एका माणसाला माहीत असेल, अशा खात्यात. पासपोर्ट नवऱ्याने दडवला तर भारतीय वाणिज्य दूतावासात दुसरा मागता येतो, आणि जुन्याची प्रत हाती असली की ते काम सोपं होतं.